मिरजेचं घर पाडायच्या आधी काय काय टिपून ठेवू? (आजोबांची बार्शी लाईट, सतारीचे भोपळे वगैरे)

नॅरोगेजची_नात

नमस्कार मंडळी,

माझं माहेर मिरज. ब्राह्मणपुरीतल्या एका बोळात आमचं दुमजली घर आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर माडी, मागं परसात आड. दिवाळीनंतर ते पाडायचं ठरलंय. सगळ्या चुलत भावंडांच्या सह्या झाल्या आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भिंती खरंच राहण्यासारख्या उरलेल्या नाहीत. त्याआधी मला तिथं जाऊन नीट फोटो काढायचे आहेत. मी बडोद्याला असते. साधा डीएसएलआर आहे, एक ५० मिमी लेन्स आणि किटमधली एक. लग्नामुंजीचे फोटो काढते, त्यामुळे कॅमेरा हाताला सरावाचा आहे. घराचे, गावाचे, मुळांचे फोटो कसे काढायचे ते मात्र या लग्नामुंजींतून शिकायला मिळत नाही.

आजोबा बार्शी लाईट रेल्वेत फिटर होते. आधी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात, मग बदलीनं मिरजेच्या शेडमध्ये. म्हणजे आमचं घराणं मूळचं मिरजेचं नाहीच, छोट्या गाडीनं इथं आणून सोडलेलं. कुर्डुवाडीच्या आधी कुठून आलो, ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आत्याला एवढंच आठवतं की माढ्याकडं कुठंतरी शेत होतं, दुष्काळात गेलं.

माझ्या वहीत सध्या दोन याद्या आहेत. एक घरातली: आजोबांचा कंदील (त्याच्या टोपणावर बी. एल. आर. अशी ठसठशीत अक्षरं आहेत), माडीचा जिना, देवघराची देवळी, आजीच्या लग्नातला एकुलता एक फोटो. दुसरी यादी गावातली, म्हणजे लहानपणी ज्या गोष्टींकडं तोंड वासून बघत उभी राहायचे त्यांची. सतारमेकर गल्लीत गच्च्यांवर आणि ओसरीवर रचलेले प्रचंड भोपळे. लक्ष्मी मार्केटवरचं घड्याळ. मिरासाहेब दर्ग्यातली चिंच, जिच्याखाली उरुसात रात्रभर गाणं चालतं. गणपतीत रस्ताभर उभ्या राहणाऱ्या स्वागत कमानी, ज्यांच्या खालून मिरवणूक जाताना आम्ही मान मोडेस्तोवर वर बघायचो.

प्रश्न असे:

आजीचा फोटो काचेला चिकटलाय. माळ्यावर गळती झाली तेव्हा फ्रेममध्ये पाणी शिरलं. काढायचा प्रयत्न करू का?

सतार करणाऱ्यांकडं अनोळखी बाईनं कॅमेरा घेऊन जावं का, आणि गेले तर नेमकं काय बघू?

कुर्डुवाडीच्या मागचं मूळ शोधायला कुठली कागदपत्रं बघावीत?

आणि सगळ्यात अवघड प्रश्न आत्याचा. वय ८३, स्मरण लख्ख, पण कॅमेरा दिसला की पदर सावरून ताठ बसते आणि बोलणं बंद. तिचा एकही फोटो तिच्यासारखा येत नाही.

सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

---

कमानवेस

ताई, मी जन्मानं मिरजेचा, आणि नोकरी संपल्यापासून गावाचे फोटो काढणं एवढंच काम करतो. तुमच्या वहीतल्या दोन याद्या आधी एकत्र करा. घर एकीकडं आणि गावातल्या गमतीजमती दुसरीकडं असे फोटो काढलेत तर दोन्हीकडून अर्धवट राहतील. तुमचं घर मिरजेत का आहे, या प्रश्नाचं उत्तर गावातच उभं आहे. ते टिपा.

बार्शी लाईटचंच बघा. ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढं एका बाजूनं लातूरला आणि दुसऱ्या बाजूनं पंढरपूरवरून खाली येत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. म्हणजे आजोबांची बदली त्याच्या आधी होणं शक्य नव्हतं. तुमच्या घराण्याच्या मिरजेतल्या वास्तव्याची ही एक बाजू पक्की झाली. १९५४ मध्ये सरकारनं ती कंपनी विकत घेतली. कंदिलावर बी. एल. आर. आहे म्हणजे तो कंपनीच्या काळातला माल. कंदिलाचा फोटो काढताना ती अक्षरं बाजूनं उजेड पाडून घ्या. समोरून उजेड आला तर उठाव सपाट होतो आणि अक्षरं दिसेनाशी होतात. खिडकीशेजारी ठेवा, कंदील हळूहळू फिरवत राहा, अक्षरांच्या कडेला सावली पडली की थांबा.

१९७१ मध्ये पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं मिरजेत तिन्ही मापांचे रूळ होते: ब्रॉड कोल्हापूर-पुण्याकडं, मीटर बेळगावकडं, नॅरो पंढरपूर-कुर्डुवाडीकडं. एका जंक्शनात तिन्ही रूळ असणं ही देशातही विरळा गोष्ट. आमच्या लहानपणी पाव्हणे आले की त्यांना आधी स्टेशनावर नेऊन हेच दाखवायचं. आता सगळं ब्रॉड झालं. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी घेऊन रेल्वे इथूनच सुटली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत गेली. तुमच्या आजोबांच्या छोट्या गाडीची वाट तीच. तहानलेल्या लातूरला त्याच वाटेनं पाणी गेलं. मी तेव्हा टँकर भरताना स्टेशनाबाहेर गर्दीत उभा होतो आणि माझ्या शेजारचा एक म्हातारा रेल्वेवाला मला प्रत्येक स्टेशनाचं नाव क्रमानं म्हणून दाखवत होता.

तेव्हा माझी सूचना अशी. आत्यांना घेऊन घर ते स्टेशन अशी वाट धरा. रिक्षानं जा, त्यांचं वय आहे, पण जिथं त्या म्हणतील तिथं थांबवा. आजोबा कामावर कुठून जायचे, डबा कोण पोचवायचं, कुठल्या कोपऱ्यावर भोंगा ऐकू यायचा. प्रत्येक ठिकाणी दोनच फोटो: एक आत्या बोट दाखवतायत तो, आणि एक त्या काय दाखवतायत त्याचा. तिथं आज मोबाईलचं दुकान असलं तरी त्याचाच काढा. स्टेशनात ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा, हे सांगायला नकोच.

आता आत्यांच्या ताठ बसण्याबद्दल. त्यांचा फोटो काढायला बसवूच नका. त्यांच्या हातात वस्तू द्या. कंदील द्या, अडकित्ता द्या, जुनं कुलूप द्या. कुलूप उघडताना माणूस पदराकडं बघत नाही. मोबाईलवर आवाजाचं रेकॉर्डिंग आधीच सुरू करून बाजूला ठेवा, त्यांना सांगून. पुष्कळदा फोटोपेक्षा तो आवाज मोलाचा ठरतो, कारण वस्तूंची नावं त्यात असतात. तुमच्या मुलांना देवळी, आढं, तुळई, पाखाडी हे शब्द फोटोवरून कळणार नाहीत.

आणि घरातलं. लोक पाडायच्या आधी दर्शनी भागाचे शंभर फोटो काढतात आणि आतलं राहून जातं. मला विचाराल तर मी या गोष्टींसाठी वेळ देईन: उंबऱ्याला मधोमध पडलेला खळगा. तुळईतली पाळण्याची कडी. चुलीवरच्या भिंतीचा धुरकटलेला काळा पट्टा आणि त्याची वरची कड, जिथं आजीचा हात पोचायचा तिथपर्यंतच चुना नव्यानं दिलेला असतो. मुलांची उंची ज्या खांबावर पेन्सिलीनं मांडली असेल तो खांब, पूर्ण, खालपासून वरपर्यंत, शेजारी फूटपट्टी धरून. आडाच्या काठावर दोरानं पडलेल्या खाचा. या खाचांसाठी सकाळी ऊन तिरकं असतानाच जा. दुपारी डोक्यावरच्या उन्हात दगड नुसता काळा दिसतो. काळ्या दगडावर कॅमेरा हमखास उजेड जास्त घेतो, तेव्हा एक स्टॉप कमी करा.

खोल्यांचे फोटो चारही कोपऱ्यांतून घ्या आणि हातानं एक नकाशा काढून मापं लिहा. फ्लॅश नको. माडीत खिडकी पांढरीफक्क येत असेल तर त्या बाजूचं ऊन सरल्यावर घ्या. घर झाडूनपुसून, सामान हलवून मग फोटो, असं करू नका. खुंटीवरची पिशवी खुंटीवरच राहू दे.

---

डार्करूम

काचेला चिकटलेल्या फोटोबद्दल. काढू नका. ओढूनही नाही, पाण्यात बुडवूनही नाही, वाफ देऊनही नाही.

कारण सांगतो. जुन्या फोटोत चित्र जिलेटिनच्या थरात असतं. ओल लागली की तो थर मऊ होतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. कागद ओढलात तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. अशी उदाहरणं माझ्याकडं दुरुस्तीला येतात आणि पुढं फारसं काही करता येत नाही.

काचेसकट फोटो काढा. पद्धत: फ्रेमची मागची पाटी आणि खिळे जपून काढा, काच आणि फोटो तसेच एकत्र ठेवा. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडानं पुसा. ढगाळ दिवस किंवा ओसरीतली सावली बघून जमिनीवर सपाट ठेवा. कॅमेरा बरोबर वरून, फोटोला समांतर. समांतर आहे की नाही ते फ्रेमच्या चारही कडा व्ह्यूफाइंडरच्या कडांशी जुळवून बघा. काचेत तुमचं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येईल. ते घालवायला काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडा आणि कापड कॅमेऱ्यापुढं पडद्यासारखं धरा. ५० मिमी लेन्स यासाठी उत्तम. एफ ८, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्या.

मागची बाजू विसरू नका. जुन्या फोटोंच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, गाव, कधी कधी नंबर असतो. आजीचं लग्न नेमकं कुठं झालं याचा पुरावा तिथं मिळू शकतो. ज्या फोटोंवर कुणी शाईनं किंवा पेन्सिलीनं काही लिहिलंय त्यांची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच काळजीनं घ्या.

सुटे असतील ते स्कॅन करा, ६०० डीपीआयला, रंगीत मोडमध्ये. फोटो काळापांढरा असला तरी रंगीतच. पिवळेपणा, डाग, हातानं भरलेला गालांचा गुलाबी रंग, सगळं त्यात येतं. पुढं ते कमी करता येईल, पण नसलेलं परत आणता येणार नाही. मूळ फाइल कधीही बदलू नका, दुरुस्ती प्रतीवर करा.

एक मत, कमानवेस काकांशी थोडं वेगळं. फोटो दोनच काढा असं ते म्हणाले. मी म्हणेन त्या वाटेवर भरपूर काढा आणि त्याच रात्री बसून नावं द्या. फाइलचं नाव: साल, जागा, कोण. "आयएमजी ४४७१" अशा नावाची फाइल दहा वर्षांनी कुणी उघडत नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आणि गावाचे आजचे फोटो मुद्दाम काळेपांढरे करून "जुने" बनवू नका, ही कळकळीची विनंती. भोपळ्याचा पिवळट तपकिरी रंग आणि लाखेचा तांबूस रंग हाच त्या गल्लीचा रंग आहे.

---

मोडीवाचक

मूळ गावाच्या शोधासाठी क्रम असा ठेवावा.

प्रथम घराची मिळकत पत्रिका. नगर भूमापन कार्यालयातून तिचा उतारा घ्यावा आणि त्यावरच्या प्रत्येक जुन्या नोंदीचा फेरफारही मागावा. घर कुणाकडून, कोणत्या वर्षी घेतलं ते त्यात असतं. घर पाडून नव्या इमारतीच्या नोंदी झाल्या की जुनं मागायला जास्त खटपट पडते, म्हणून हे आधी.

दुसरं, आजोबांचं रेल्वेचं सर्व्हिस शीट, भविष्य निर्वाह निधीचं पुस्तक, पेन्शनचे कागद, जुने पास. सर्व्हिस शीटवर जन्मगाव लिहिण्याची पद्धत होती. घरातल्या पत्र्याच्या ट्रंका, पोथ्यांची पुठ्ठी, देव्हाऱ्याच्या खालचा खण हे सगळं तपासावं. पोथीत ठेवलेले कागद सहसा जपून राहिलेले असतात.

तिसरं, माढा. कुर्डुवाडी माढा तालुक्यातच येते आणि तो भाग इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्यात होता, मिरजेसारखा संस्थानात नव्हता. तिथल्या गावांच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, असतात. त्या तहसील कार्यालयात बघायला मिळू शकतात. "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावरही काही जिल्ह्यांचे जुने स्कॅन केलेले अभिलेख आहेत, सोलापूर जिल्हा तिथं जरूर पाहावा. नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. फोटो काढताना नोंदीची ओळच नव्हे, संपूर्ण पान, पानाचा क्रमांक आणि वहीचं पहिलं पान असं सगळं घ्यावं. अर्ध्या ओळीचा फोटो घेऊन लोक माझ्याकडं येतात. मोडीत एखादं अक्षर लागलं नाही तर त्याच पानावर दुसरीकडं तेच अक्षर लेखकानं कसं काढलंय हे बघून वाचावं लागतं.

चौथं, तीर्थोपाध्याय. घराण्यातलं कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी किंवा श्राद्धासाठी गेलं असेल तर त्यांच्या वहीत नामावळी असते. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढून देतात. तिथं आजोबांच्या वडलांची स्वतःच्या हातची सही मिळाली तर त्याहून मोठं छायाचित्र नाही. मात्र फोटो काढण्याआधी गुरुजींची परवानगी घ्यावी. वही त्यांच्या घराण्याची असते.

---

जवारी

ताई, मी सतारमेकर गल्लीतलाच. आमच्या घरात पणज्यापासून तंबोरे सतारी होतात. तुम्ही बिनधास्त या. बाई म्हणून काही अडचण नाही, आमच्याकडं गाणाऱ्या बायका परगावाहून येऊन तंबोरा निवडायला दिवसदिवस बसतात. फक्त आल्या आल्या कॅमेरा काढू नका. आधी चहा घ्या, कुणाच्या घरच्या ते सांगा. ब्राह्मणपुरीतली बार्शी लाईटवाल्यांची नात म्हटलं की म्हातारी माणसं ओळखतील बघा.

काय बघायचं ते सांगतो, म्हंजे फोटो नुसता भोपळ्यांच्या ढिगाचा राहणार नाही. तो तर सगळेच काढतात.

हा भोपळा खायचा नव्हं. कडू असतो, जाड सालीचा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडनं येतो, भीमेच्या काठची जमीन त्याला मानवते. वाळून खडखडीत झाला की आत बिया वाजतात. निवडणारा माणूस तो हातात घेऊन बोटांनी टिचक्या मारतो आणि कान लावतो. हा पहिला फोटो. त्या माणसाचा कान आणि भोपळा. आमच्याकडं सगळं काम कानापासून सुरू होतं आणि कानापाशीच संपतं.

मग तोंड कापायचं, पाण्यात भिजत घालायचा, आतला गर काढायचा. ओला असताना तोंडाशी काठ्या आडव्या घालून त्याला ताणतात, म्हंजे वाळला की आकार तसाच राहतो. काठ्या घातलेले भोपळे उन्हात ठेवलेले असतात तेव्हा एखाद्या पोराला वाटेल काय विचित्र भांडी आहेत. तुम्ही लहानपणी बघत उभ्या राहायच्या ते बहुतेक हेच.

पुढं लाकूड. तुणीचं. त्याची दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर बसते ती तबली. दांडी आणि भोपळा जिथं जुळतो त्याला आम्ही गुलू म्हणतो. तिथं सांधा लपवायला लाकडाची पानं कोरून बसवतात. जवळून फोटो काढायचा असेल तर पानांच्या कोरीवकामाचा काढा, पटाशी चालू असताना. मग घासकाम, मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पॉलिश. पॉलिश ओलं असताना जवळ जाऊ नका, धूळ बसते. फ्लॅश मारला तरी चकाकी येऊन फोटो बाद.

शेवटचं काम जवारी. घोडीवर तार टेकते तिथला पृष्ठभाग कानशीनं इतका बारीक घासायचा की तार छेडली की सूर उघडून भरभरून वाजतो. कानस एकदा जास्त चालली तर सगळं पहिल्यापासनं. जवारी काढणारा माणूस त्यावेळी कुणाशी बोलत नाही. तुम्ही पण बोलू नका. कॅमेऱ्याचा खटका बंद करता येत असेल तर करा, आणि लांबून काढा. तो फोटो मिळाला तर बाकी काही नाही मिळालं तरी चालंल.

आमच्याकडचे जुने लोक सांगतात, हे काम सुरू केलं फरीदसाहेबांनी, ते मूळचे शिकलगार, तलवारी करणाऱ्यातले. संस्थानात गाणंबजावणं होतं, गवई येत, वाद्यं दुरुस्तीला यायची, त्यातनं हात वळला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तर इथंच राहिले. १९३७ साली गेले, त्यांची मजार दर्ग्याच्या आवारातच आहे. उरुसात गवई तिथं हजेरी लावतात. चिंचेचा फोटो काढायला याल तेव्हा मजारीवर पण जाऊन या. २०२४ मध्ये आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. गल्लीतली पोरं मात्र थोडी राहिली या कामात, म्हणून काढा फोटो, भरपूर काढा.

एकच मागणं. ज्याचा फोटो काढाल त्याला कागदावरची प्रिंट आणून द्या. लोकं येतात, काढतात, जातात. आमच्या वालिदांचे इतके फोटो निघाले असतील, घरात लावायला एक नाही.

---

नॅरोगेजची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेहूनच लिहितेय.

आजीचा फोटो डार्करूम यांनी सांगितलं तसा काचेसकट घेतला. काळ्या कापडाची युक्ती अचूक. पुठ्ठ्याच्या मागं सोलापूरच्या एका स्टुडिओचा शिक्का निघाला. आत्या म्हणाली, "म्हंजे लग्न सोलापूरला झालं? आई तर पंढरपूर म्हणायची." आता दोन्ही लिहून ठेवलंय.

आत्याला घेऊन स्टेशनपर्यंत गेलो. कमानवेस काका, कुलूप हातात देण्याची गोष्ट मी कंदिलावर करून बघितली. तिनं काच वर सरकवली, वात कुठून ओढायची ते दाखवलं, मग पदराच्या टोकानं काच आतून पुसली. बोटं आत जाईनात म्हणून कापड बोटाभोवती गुंडाळून फिरवलं. पुसता पुसता सांगत होती की हे तिचं रोजचं काम होतं, शाळेतून आल्यावर, आणि काचेवर डाग राहिला तर आजोबा काही न बोलता कंदील परत तिच्यापुढं ठेवायचे. त्या पुसण्याचे फोटो आलेत. त्यात तिचा चेहरा खाली आहे आणि तीच आहे, अगदी तीच. मी इतकी वर्षं तिचे फोटो काढतेय, असा एकही नव्हता.

स्टेशनाबाहेर एका जागी रिक्षा थांबवायला लावली. म्हणाली, "इथं भोपळी उतरायची." मी विचारलं कुठली? "सतारीची गं. पंढरपूरकडनं छोट्या गाडीनं यायची. अप्पा एखादं फुटकं घरी आणायचे, आम्ही त्यात बिया ठेवायचो." कुणा पुस्तकात हे आहे की नाही मला ठाऊक नाही, पण माझ्याकडं तिच्या आवाजात आहे. माझ्या दोन याद्या रिक्षातच एक झाल्या. काका, तुम्ही म्हणत होतात ते हेच.

फुटका भोपळा परसातल्या खोलीत अजून आहे! वर फळीवर, पाठ भिंतीला लागलेला, आत कारल्याच्या बिया. फळी, भिंत, भोपळा जसं होतं तसंच टिपलं.

मिळकत पत्रिकेचा अर्ज दिला. पोथ्यांच्या पुठ्ठ्यात एक मोडी कागद मिळाला आहे. मोडीवाचक, पूर्ण पान, मागची बाजू, घड्या, सगळं घेऊन तुम्हाला पाठवते.

आता एक प्रश्न उरला. भोपळा घेऊन आत्याला सतारमेकर गल्लीत न्यावं असं मनात आहे. तो कुणाला ओळखता येईल का, कुठल्या वाद्यासाठीचा होता? आणि तिच्यासमोर तिथं फोटो काढू की नुसतं बसू?

---

डार्करूम

नुसतं बसा. पहिल्या भेटीत आवाज रेकॉर्ड करा. फोटो दुसऱ्या भेटीत.

भोपळ्यातल्या बिया काढण्याआधी आतला फोटो घ्या. टॉर्च बाजूनं, कागदावरून परावर्तित करून.

---

मोडीवाचक

कागद मिळाला. वरचा श्रीकार आणि तिथी स्पष्ट आहेत. मजकूर शेताच्या वाट्याबाबत दिसतो. गावाचं नाव घडीवर आलं आहे, शाई उडाली आहे. घडी न उलगडता, कागद उजेडावर धरून मागून एक फोटो पाठवावा. शाई पुढून उडाली तरी मागं उतरलेली असते, आणि मोडी उलटं वाचण्याची मला सवय आहे.

---

कमानवेस

मोडीवाचकांकडून गाव निघालं की मला कळवा. माढ्याकडचं असेल तर मी येतो बरोबर, तिकडं माझ्या सोयरिकी आहेत. गावात गेल्यावर आधी देवळासमोरचे वीरगळ आणि पारावरच्या म्हाताऱ्यांकडं चौकशी करू, मग चावडी. आणि आत्यांच्या "भोपळी उतरायची" या वाक्याची मला एक प्रत हवी. मिरजेच्या स्टेशनाबद्दल मी आयुष्यभर ऐकत आलो, हे कधी ऐकलं नव्हतं.

---

जवारी

ताई, घेऊन या भोपळा. आमचे चुलते बघून सांगतील. घेर आणि सालीची जाडी बघितली की तंबोऱ्याचा का सतारीचा ते कळतं. फुटला कशानं ते पण सांगतील, वाहतुकीत का कापताना. दुपारी चारनंतर या, कामाची गडबड कमी असते आणि ओसरीवर ऊन येत नाही. आत्यांना खाली बसवत नसेल तर खुर्ची टाकून ठेवतो. चुलत्यांना पण छोटी गाडी आठवते, त्यांना सांगून ठेवलंय कोण येणार आहे ते.